साळिंदराचं बीळ

युरोपीय संघानं २००४ साली रस्त्यांवरच्या लांब बोगद्यांच्या सुरक्षिततेसाठी एक निर्देश काढला. असल्या कागदांची भाषा सगळीकडे सारखीच रुक्ष असते : इतक्या मीटरवर दार, इतक्या मीटरवर फोन, इतक्या मीटरवर पाण्याचा नळ. पण त्याच्या परिशिष्टात एक छोटं वाक्य आहे आणि त्याचा आशय असा, की ज्या निवाऱ्यातून उघड्यावर नेणारी वाट निघत नाही असा निवारा बांधू नये. मी भाषांतरांवर पोट भरते, त्यामुळे कायद्याच्या मजकुरात नकार कुठं येतो तिकडं माझं लक्ष आपोआप जातं. बाकीची वाक्यं 'असावं', 'ठेवावं' म्हणत असताना इथं 'बांधू नये' आहे. याचा अर्थ कुणीतरी तसे बांधले होते.

ते होते माँ ब्लाँ पर्वताच्या पोटात. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा हा बोगदा ११.६ किलोमीटर लांबीचा, १९६५ साली वाहतुकीला खुला झालेला. एकच नळी, तिच्यातच येणाऱ्याची एक आणि जाणाऱ्याची एक मार्गिका. २४ मार्च १९९९ ला सकाळी फ्रान्सच्या बाजूनं एक ट्रक आत शिरला. आत मार्गारिन आणि पीठ; कायद्याच्या दृष्टीनं धोकादायक असं काहीही नाही. समोरून येणारे दिवे मिचकावू लागले तेव्हा चालकाला धूर दिसला. तो बोगद्याच्या मध्याजवळ थांबला, खाली उतरला आणि इटलीच्या दिशेनं निघाला, तो वाचला. त्याच्या मागून आलेल्या गाड्या रांगेत अडकल्या. बोगद्यातला वारा त्या वेळी इटलीकडून फ्रान्सकडं वाहत होता, म्हणजे धूर बरोबर या रांगेवर येत होता. शिवाय इटलीच्या टोकाकडून ताजी हवा आत सोडली जात राहिली. आतल्या लोकांना श्वास घेता यावा यासाठी ती सोडली होती, पण तिनं आग आणि धूर दोन्ही पुढं रेटले. दोन टोकांना दोन देशांच्या दोन कंपन्या, दोन नियंत्रण कक्ष. एकानं भल्यासाठी सोडलेली हवा दुसऱ्या बाजूला धूर होऊन पोचली. ३९ माणसं मेली. आग पूर्ण विझायला ५३ तास लागले.

बोगद्यात भिंतीलगत ठरावीक अंतरावर कोठड्या होत्या. आग लागली तर त्यांत शिरावं, आत ताजी हवा येईल, जड दार आग थोपवून धरील, अशी कल्पना. त्यांची दारं मुळात दोन तास टिकतील अशा हिशेबानं केलेली होती. काही पुढं सुधारून चार तासांची केली. पण आत शिरल्यावर प्रवाशानं चालत बाहेर पडावं अशी आखलेली वाट त्यांना नव्हती. आत बसायचं आणि कुणी येईपर्यंत वाट पाहायची.

फ्रेंचमध्ये अशा जागेला 'आब्री' म्हणतात, इटालियनमध्ये 'रिफूजो'. मराठीत आणायला बसलं तर शब्दांची वाण नाही : निवारा, आसरा, आश्रय, थारा, अभय. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. निवारा ऊन-पावसापासून असतो. तो काही काळापुरता आहे हे शब्दातच कळतं, झाड किंवा बसथांब्यावरचं छप्पर डोळ्यांपुढं येतं. आसरा माणसानं माणसाला द्यायचा असतो. थारा बहुधा नकारातच येतो. अभय तर देवाच्या नाहीतर राजाच्या तोंडी शोभावं. माँ ब्लाँमधल्या कोठड्या होत्या निवारा, पण त्यांच्यावरचा फलक वाचणाऱ्याला तो आसरा वाटणार. भिंतीत दार आहे, दारामागं खोली आहे, आणि ती कुणीतरी माझ्यासारख्यासाठीच बांधली आहे एवढं दिसलं, की माणूस पुढचं गृहीत धरतो : कुणीतरी मला न्यायला येणार आहे.

मला पडलेला नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. दार दोन तासांचं आहे हे बांधणाऱ्याला माहीत होतं आणि शिरणाऱ्याला नव्हतं. हे खोटं बोलणं म्हणायचं का? कुणी काही असत्य उच्चारलं नव्हतं. फलकावरचा शब्द कोशानुसार बरोबर होता. दोन तासांत अग्निशामक पोचतील, आग आटोक्यात येईल, हा हिशेबही आखणाऱ्यांनी प्रामाणिकपणे केला असेल. तरी मला वाटतं, ते वचन होतं, आणि ज्याची मुदत फक्त देणाऱ्याला ठाऊक असते अशा वचनाला सभ्य भाषेत दुसरं नाव आहे. सावकाराच्या कागदावरची बारीक अक्षरंही कोशानुसार बरोबरच असतात.

यावर एक उत्तर नेहमी तयार असतं आणि ते टाकाऊ नाही. लोकांना सगळं सांगितलं तर ते घाबरतील, धावाधाव होईल, एकमेकांना तुडवतील; तेव्हा धीर द्या, तपशील देऊ नका. आपल्याकडं रुग्णालयांपासून धरणांपर्यंत अनेक ठिकाणी हे तत्त्व चालतं. त्याच्या मुळाशी गर्दीविषयीची एक समजूत आहे : संकटात माणसाचं जनावर होतं. बोगद्यांच्या बाबतीत मात्र ही समजूत पुराव्यापुढं टिकत नाही. माँ ब्लाँमधले बहुतेक प्रवासी तुडवातुडवीत मेले नाहीत. ते आपापल्या गाडीत बसलेले सापडले. नेदरलँड्समध्ये पुढं बेनेलक्स बोगद्यात एक प्रयोग झाला. रांगेपुढं ट्रक थांबवून धूर सोडला आणि मागच्या चालकांना काही सांगितलं नाही. ते गाडीतच बसून राहिले, धूर जवळ येताना पाहत. ध्वनिक्षेपकावरून बाहेर पडा असं स्पष्ट सांगितलं, मग उतरले. आणि एक उतरला की त्याच्याकडं पाहून दुसरा.

तेव्हा घबराट हा धोका नव्हता, शिस्त हा होता. रस्त्यानं आपल्याला वर्षानुवर्षं हेच तर शिकवलेलं असतं : मार्गिका सोडू नका, समोरचा थांबला तर थांबा, गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका, कुणीतरी वाहतूक मोकळी करीलच. गाडी ही आपली खोली असते. काच वर केली की बाहेरचं जग बाहेर. तीत सामान आहे, कर्ज फिटायचं आहे, मागच्या सीटवर मूल झोपलेलं आहे. ती टाकून अंधाऱ्या बोगद्यात पायी निघणं हा धूर दिसेपर्यंत वेडेपणाच असतो, आणि धूर दिसल्यावर बहुतेकदा उशीर झालेला असतो. जे बसून राहिले त्यांना 'साधं उतरताही आलं नाही का' असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते निर्दय वाटतात. बसून राहणाऱ्यांनी विश्वास ठेवला होता. तो चुकीच्या ठिकाणी पडला याचा हिशेब ज्याच्यावर ठेवला त्याच्याकडं मागायचा.

बोगदा, आग आणि कुणाला काय सांगितलं, ही तिन्ही एकत्र येतात अशी आपली सर्वांत जुनी गोष्ट लाक्षागृहाची. ती बहुभाषी गोष्ट आहे हे मात्र आपण विसरतो. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला विदुर सगळ्यांदेखत सावध करतो, पण इतरांना कळणार नाही अशा बोलीत. महाभारत तिला म्लेच्छवाणी म्हणतं. पुढं विदुराचा खणणारा माणूस येतो तेव्हा तो ओळख पटवायला हीच खूण सांगतो. विदुराच्या बोलण्याचा गाभा असा, की रान जाळणारा वणवा बिळात राहणाऱ्याला जाळत नाही, आणि साळिंदराच्या घराचा आश्रय घेणारा आगीतून सुटतो. या घरासाठी तिथं जो शब्द आहे तो 'शरण'. संस्कृतात शरण म्हणजे घर, आसरा. मराठीत येईपर्यंत त्याच शब्दाचा अर्थ हार मानणं असा झाला. आसरा घेणारा आसरा देणाऱ्याच्या हाती सर्वस्वी जातो, हे मराठीला कळलं असावं. किसरी मोहन गांगुलींच्या इंग्रजी भाषांतरात साळिंदराचा कोल्हा झाला आहे, पण त्यांनी कंसात एक खुलासा घातला आहे : अनेक वाटा असलेलं घर. कंसातली भर मला सहसा आवडत नाही. इथं ती न घालून चाललं नसतं, कारण एकाच तोंडाचं बीळ आगीत सापळा होतं. युरोपीय संघाचं ते वाक्य म्हणजे या कंसाचाच कायदा.

त्या माणसानं खणलेल्या वाटेला महाभारत 'सुरुंगा' म्हणतं. हा शब्द ग्रीक 'सिरिन्क्स'वरून आला असं मानतात. तेव्हा वाटसुद्धा परभाषेतून उसनी आणलेली. मराठीत सुरुंग आता लावायचा आणि उडवायचा असतो. चालायला आपण भुयार आणि बोगदा ठेवले. भुयाराची गोष्ट प्रत्येक गडाखालच्या गावात असते आणि त्यातून निसटणारा नेहमी राजा असतो. रखवालदार कुठून बाहेर पडले हे कुणी सांगत नाही.

लाक्षागृहाच्या रात्री कुंतीनं अन्नदान केलं. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन आली, जेवली, मद्य प्याली आणि तिथंच झोपली. भीमानं घर पेटवलं, पांडव भुयारातून गेले. सकाळी राखेत सहा देह मिळाले आणि हस्तिनापुरानं पांडवांचं सुतक धरलं. महाभारत या बाईच्या येण्याला काळाची प्रेरणा म्हणून मोकळं होतं. महाश्वेता देवींनी मोकळं होऊ दिलं नाही; त्यांच्या बंगाली कथेत वानप्रस्थातल्या कुंतीला एक निषादी गाठते आणि त्या सहा जणांचा जाब विचारते. मला त्या प्रसंगातली एक साधी गोष्ट सतावते. त्या रात्री घराला दोन वाटा होत्या, एक पेटलेली आणि एक जमिनीखालची, आणि निषादी दोन्हींपासून सारख्याच अंतरावर झोपलेली असेल. ज्या भाषेत वाट सांगितली गेली ती भाषा तिच्यासाठी नव्हती. वाट असणं आणि वाट माहीत असणं यांत सहा माणसं मावतात.

माँ ब्लाँच्या रस्त्याखालीही एक वाट होती. हवा वाहून नेणारे नळ रस्त्याच्या पोटातून जात होते. आत गेलेले काही फ्रेंच अग्निशामक अडकले, भिंतीतल्या कोठड्यांत त्यांनी आसरा घेतला, आणि काही तासांनी त्यांच्या साथीदारांनी याच हवेच्या मार्गानं येऊन त्यांना बाहेर काढलं. त्यांच्यातला एक अधिकारी वाचला नाही. ज्यांना बोगद्याचं पोट ठाऊक होतं त्यांना तिथून जाता आलं. वर गाड्यांत बसलेल्यांपैकी कुणाला आपल्या चाकांखाली मोकळी हवा वाहते आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. या तुलनेत मी विदुराला दोषी धरते आहे असं नाही. त्याला कट उघड करता येत नव्हता, गुप्त बोलणं भाग होतं. बोगदा चालवणाऱ्याला अशी कोणती अडचण होती?

तिथल्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. पिएरलुचो तिनाझ्झी हा इटालियन सुरक्षारक्षक मोटारसायकलवरून धुरात शिरला. त्यानं किती जणांना बाहेर आणलं याविषयी वेगवेगळं सांगितलं जातं, आणि आकड्याभोवती दंतकथा जमली आहे. निश्चित आहे ते इतकंच, की तो आणि एक ट्रकचालक अशाच एका कोठडीत मृत सापडले. दारामागं राहून त्या खोलीनं दिलेलं वचन तो आपल्या परीनं पाळत होता असं मला वाटतं. आसरा म्हणजे पाठलाग करणाऱ्या संकटाची जबाबदारीही घेणं, हे शिबी आणि पारव्याच्या गोष्टीतून आपण लहानपणी ऐकलेलं असतं. पण एखाद्या रक्षकाला शिबी व्हावं लागणं ही त्या इमारतीची नालस्ती आहे. त्याच्या शौर्याचं कौतुक करणाऱ्या भाषणांत कोठडीच्या दाराचा उल्लेख क्वचितच येतो.

२००५ साली बोनव्हिल इथं खटला चालला. काही व्यक्ती आणि कंपन्या दोषी ठरल्या. त्याआधी, २००२ साली, बोगदा पुन्हा खुला झाला होता. आता दर ३०० मीटरवर नवे निवारे आहेत, आणि प्रत्येकातून रस्त्याखालच्या सुटकेच्या मार्गात उतरता येतं.

आपल्याकडं डोंगर पोखरण्याचा काळ आत्ता आला आहे. जम्मूच्या वाटेवरचा चेनानी-नाशरी बोगदा २०१७ चा, नऊ किलोमीटरहून जास्त. शेजारी समांतर सुटकेचा बोगदा आणि दर ३०० मीटरवर त्यात जायची दारं. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० चा. त्यात सुटकेची वाट रस्त्याच्याच खाली बांधली आहे. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. दुसरं तोंड नाही असं बीळ आपण यांत खोदलेलं नाही, ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी दुसऱ्या देशांतल्या माणसांनी किंमत मोजली आहे.

पण दार असलं तरी मीटर राहतातच. युरोपीय निर्देशात दोन दारांतलं अंतर जास्तीत जास्त ५०० मीटर. मधोमध अडकलं तर २५० मीटर चालायचं; आग नेमकी जवळच्या दाराशी असेल तर त्याहून खूप जास्त. स्वच्छ हवेत धडधाकट माणसाला २५० मीटरला चार मिनिटं लागतात. माझ्या आईच्या गुडघ्यांना पंधरा लागतील, आणि धुरात कुणालाच वेग राहत नाही. हे अंतर ठरवताना कुणीतरी मनात एक चालणारा माणूस धरला आहे आणि तो सत्तरीचा नाही. सर्वांसाठी ३० मीटरवर दार बांधता येणार नाही हे मलाही कळतं. कुठंतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेपलीकडं कोण राहतं हे ती ओढणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायला हवं, निदान गाडीतल्या दोन धडधाकट माणसांना तरी कळावं की तिसऱ्याला उचलून न्यायचं आहे.

आणि म्हणायचं तर कुठल्या भाषेत? हिरव्या पाटीवरचा दाराकडं धावणारा माणूस जपानच्या युकिओ ओता यांच्या रेखाटनातून आला आणि जगभर पसरला. त्याला भाषा लागत नाही, हे त्याचं मोठेपण. पण तो फक्त कुठं ते सांगतो. गाडी सोड, किल्ली तिथंच राहू दे, मागं वळू नको, हे तो सांगू शकत नाही, आणि दाराच्या पलीकडं काय आहे हे तर नाहीच. हिमालयातल्या बोगद्यात एका वेळी केरळचा ट्रकचालक, पुण्याचं पर्यटक कुटुंब आणि झारखंडचे मजूर असू शकतात. शब्दांचे फसवे मित्रही असतात. तमिळनाडूच्या बसमध्ये मागच्या बाजूला 'अवसर वळी' लिहिलेलं असतं. अवसर म्हणजे तिथं तातडी, आणीबाणी. मराठी माणूस अवसर म्हणजे संधी समजतो, सवड समजतो. सवड नसलेल्या जागी सवडीचा शब्द.

या बाबतीत आपल्या एसटीनं मात्र भाषेची मोठी सेवा केली आहे. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.' चार शब्द, सगळे घरातले, आणि क्रियापद पोटात घेतलेले. 'आपत्कालीन निर्गमन द्वार' लिहिणाऱ्या सगळ्यांना एकदा लाल बसच्या मागच्या सीटवर बसवून आणावं.

काही महिन्यांपूर्वी एका बोगद्याच्या सूचनाफलकांचं मराठी करायचं काम एका मध्यस्थामार्फत माझ्याकडं आलं. इंग्रजी मजकुरात एका दारावर 'सुरक्षित जागा' अशा अर्थाचे शब्द होते. मी विचारलं, या दारातून पुढं कुठं जाता येतं? उत्तर आलं की भाषांतरासाठी ते आवश्यक नाही. मी पुन्हा लिहिलं की मराठीत आवश्यक आहे. हे संपूर्ण खरं नव्हतं. मराठीतही 'सुरक्षित जागा' लिहून भागतं, म्हणूनच मला ते लिहायचं नव्हतं. चार-पाच निरोपांनंतर कुणीतरी आराखडा पाहिला आणि कळवलं की दार शेजारच्या बोगद्यात उघडतं. मग मी लिहिलं : 'गाडी सोडा. हे दार ढकला. पलीकडच्या बोगद्यातून चालत बाहेर जाता येतं.' ते परत आलं, मजकूर फलकात बसत नाही म्हणून; दोन शब्दांत द्या. 'सुरक्षित जागा' बरोबर बसते, असंही त्यांनी सुचवलं होतं.

फलकाची रुंदी वाढवता येईल का, असं मी विचारलं आहे.